अटॅक आलाय की अंगात उष्णता चढलीय? एमएसमधले पहिले २४ तास

मे महिना, दुपारचा एक. सात-आठ पोळ्या तव्यावरून उतरतात आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईचा उजवा पाय उचलेनासा होतो. चवडा फरशीला घासतो, डाव्या डोळ्यापुढे धुरकट होतं, हातातलं लाटणं बोटांना नीट कळत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा मज्जातंतूंचा आजार असलेल्या घरात उन्हाळ्यात हे रोजचं असू शकतं, आणि दर वेळी घरच्यांच्या तोंडून एकच शब्द निघतो: अटॅक. लगेच डॉक्टरांना फोन आणि पाठोपाठ स्टेरॉइडची चर्चा. पण तीच बाई पंख्याखाली बसली, मानेवर ओला पंचा टाकला, गार पाणी घोट घोट प्यायली आणि तासाभरात पाय पुन्हा उचलायला लागला, तर तो अटॅक नव्हता. तिच्या मज्जातंतूंना नवी इजा झालेली नाही. जुनी इजा होती, ती उष्णतेनं उघडी पाडली.

एमएस घेऊन जगताना सगळ्यांत कामाला येणारी गोष्ट कोणती, असं विचारलं तर मी हीच सांगेन: खरा रिलॅप्स, म्हणजे आजाराचा खरा अटॅक, आणि खोटा रिलॅप्स वेगळा ओळखता येणं. खोट्याला खरा समजलात तर नको असलेली स्टेरॉइडं शरीरात जातात. खऱ्याला खोटा समजलात तर उपचाराचे चांगले दिवस हातचे जातात. दोन्ही चुका महाग आहेत आणि दोन्ही घरोघर होतात.

उष्णता नेमकं काय करते, ते आधी बघू. मज्जातंतूवर मायलिनचं आवरण असतं, विजेच्या तारेवर प्लास्टिक असतं तसं. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती हे आवरण जागोजागी कुरतडते. सूज ओसरल्यावर काही आवरण परत येतं, पण पूर्वीपेक्षा पातळ. अशा पातळ जागेवरून संदेश जातो खरा, पण जेमतेम. मज्जातंतूवरची सोडियमची दारं उघडतात तेव्हा संदेश पुढे सरकतो. शरीराचं तापमान चढलं की ही दारं लवकर मिटतात. धडधाकट तंतूला त्याचं काही वाटत नाही, कारण त्याच्याकडे ताकद शिल्लक असते. उघड्या पडलेल्या तंतूवर मात्र संदेश वाटेतच विझतो. त्यासाठी अर्धा अंश सेल्सियस वाढही पुरते, म्हणजे आपल्या घरच्या थर्मामीटरवर एक अंश फॅरनहाइटसुद्धा नाही. अंग गार झालं की संदेश पुन्हा पार होतो.

विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १८९० मध्ये ही गोष्ट टिपली. त्याच्या रुग्णांना श्रम झाले की तात्पुरतं अंधुक दिसायचं. त्यानं दोष श्रमाला दिला. खरी करणी उष्णतेची, हे नंतर कळलं. पुढे कित्येक वर्षं निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का, हे बघत असत. एमआरआय आल्यावर ती चाचणी मागे पडली, ते बरंच झालं.

यातून एक सोपी खूण मिळते. उष्णतेनं वाढणारी लक्षणं बहुतेक जुनीच असतात. दोन वर्षांपूर्वी ज्या डोळ्याला त्रास झाला होता तोच डोळा, जो पाय अशक्त राहिला होता तोच पाय. त्रास पूर्वी कधीच नव्हता अशा जागी सुरू झाला, तर उन्हाळा कितीही कडक असो, त्याकडे संशयानं बघायचं.

खऱ्या रिलॅप्सची डॉक्टरांची व्याख्या अगदी नेमकी आहे. लक्षण नवं हवं किंवा जुनं लक्षण ठळकपणे वाढलेलं हवं, ते किमान २४ तास सलग टिकायला हवं, त्या वेळी ताप किंवा इन्फेक्शन नको, आणि आधीचा रिलॅप्स सुरू झाल्याला किमान ३० दिवस झालेले हवेत. तो येतो तोही एका चालीनं. काही तासांपासून काही दिवसांत वाढत जातो, मग एका पातळीवर थांबतो आणि पुढच्या आठवड्यांत-महिन्यांत हळूहळू उतरतो. सोमवारी तळव्यांना मुंग्या, मंगळवारी गुडघ्यापर्यंत बधिर, गुरुवारी बेंबीपर्यंत आणि पोटाभोवती कोणी पट्टा आवळल्यासारखं, ही खऱ्या रिलॅप्सची चाल आहे. सेकंदांत किंवा मिनिटांत तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय गेला, बोलणं अडखळलं, तर एमएस आहे म्हणून वाट बघत बसू नका. एमएस असलेल्या माणसालाही पक्षाघात होऊ शकतो. १०८ ला फोन करा.

डोळ्याचा रिलॅप्स घरी पकडता येतो. डोळा हलवला की खोबणीत दुखतं, आणि एक-दोन दिवसांत मधोमध डाग आल्यासारखं होतं. तपासायला कुंकवाची लाल डबी किंवा औषधाच्या बाटलीचं लाल झाकण घ्या. उजेडात हातभर अंतरावर धरा. आधी उजवा डोळा झाकून बघा, मग डावा. एका डोळ्याला लाल लालभडक दिसतं आणि दुसऱ्याला तेच विटलेलं, धुतल्यासारखं गुलाबी किंवा विटकरी दिसतं, तर त्या डोळ्याची नस सुजलेली असू शकते. डोळ्याची नस पूर्वी एकदा सुजून गेली असेल तर हा फरक कायमचा राहिलेला असू शकतो. म्हणून बरं असतानाच एकदा बघून ‘माझ्या डाव्या डोळ्याला लाल इतपत फिकं दिसतं’ असं लिहून ठेवा. नंतर तुलना करायची ती त्याच्याशी.

आणखी एक गोंधळ थोड्या-थोड्या वेळाच्या झटक्यांचा. मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत करंट जातो, हात अचानक आकडी आल्यासारखा वळतो, गालात वीज चमकते. हे काही सेकंद ते दोनेक मिनिटं टिकतं आणि दिवसात वीस-तीस वेळा येऊ शकतं. एखाद-दुसरा झटका म्हणजे रिलॅप्स नव्हे. पण असे झटके पहिल्यांदाच सुरू झाले आणि दिवसभर येत राहिले तर ते रिलॅप्समध्ये धरतात. हात वळण्यावर आणि गालातल्या विजेवर कार्बामाझेपिनच्या लहान डोसनं बहुतेक वेळा छान उतार पडतो, म्हणून सोसत बसू नका.

आता लक्षणं वाढल्यानंतरचे पहिले २४ तास. पहिलं काम थर्मामीटर. अंगाला हात लावून ताप बघू नका. बधिर हाताचा अंदाज चुकतो, आणि आपल्याला जेवढी वाढ शोधायची आहे ती हाताला कळतही नाही. ताप असेल तर प्रौढ माणसानं पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम घ्यावी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवावं, आणि ताप उतरल्यावर पाय कसा आहे ते बघावं. पावसाळ्यात डेंग्यूचा संशय असेल तर आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन टाळायचं. एमएसवरचं इंटरफेरॉनचं इंजेक्शन चालू असेल तर ते घेतल्यावर काही तासांनी येणारी कणकण आणि तापही हीच करामत करतात. म्हणून इंजेक्शन रात्री झोपताना घेतात, सोबत पॅरासिटामॉल.

दुसरं काम लघवी. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण खोट्या रिलॅप्समागचं हे सगळ्यांत दुर्लक्षित कारण आहे. एमएसमध्ये मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. जाऊन आल्यावरही आत लघवी उरते, आणि साठलेल्या लघवीत जंतू वाढतात. इतरांना लघवीचं इन्फेक्शन झालं की जळजळ होते, कळ येते. एमएसमध्ये ती संवेदनाच बधिर असू शकते. जळजळ नाही, ताप नाही. फक्त पाय ताठर होतात, रात्री पोटऱ्या आवळतात आणि कालपर्यंत चढत होता ते दोन जिने चढवत नाहीत. घरच्यांना वाटतं आजार वाढला. खरं तर पाच-सात दिवसांच्या योग्य अँटिबायोटिकचं काम असतं.

त्यात आपल्याकडची एक सवय भर घालते. बाहेर स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नाही, म्हणून बायका प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. एसटीत पाच तास, लग्नाच्या हॉलवर आणखी चार. लघवी घट्ट होते, तुंबते, आणि तिसऱ्या दिवशी पाय जातो. उलट करायला हवं: दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी, थोडं थोडं, झोपण्याआधी दोन तास बंद, आणि घाई लागो न लागो, दर तीन तासांनी जाऊन यायचं. एकदा झाल्यावर उठून उभं राहायचं, मिनिटभरानं पुन्हा बसायचं. दुसऱ्या वेळी बरीच लघवी येत असेल तर मूत्राशय रिकामं होत नाही, हे डॉक्टरांना सांगा. लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफी केली की किती उरली ते मोजता येतं. उरलेली लघवी सतत १०० मिलिलिटरच्या वर जात असेल तर स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करायला शिकवतात. ऐकून अंगावर काटा येतो, पण शिकल्यावर पाच मिनिटांचं काम आहे, आणि वरचेवर होणारं इन्फेक्शन थांबलं की माणसाचे पायसुद्धा सुधारतात.

तपासणीसाठी नमुना मधल्या धारेचा द्यायचा. सुरुवातीची धार सोडून, मधली निर्जंतुक डबीत, शेवटची पुन्हा सोडून. रुटीन आणि कल्चर दोन्ही लिहून घ्या. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, पण नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधीच गेला पाहिजे. नाहीतर कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि कुठलं औषध लागू पडेल ते कळत नाही.

ताप नाही, लघवी स्वच्छ आहे, तर बाकीचं शोधा. शौचाला चार दिवस साफ झालेली नसेल, अंगठ्याचं नख रुतलेलं असेल, बसून बसून माकडहाडापाशी कातडी लाल झाली असेल, तरी पायांचा ताठरपणा वाढतो. मेंदूला दुखणं कळलं नाही तरी पाठीच्या कण्याला कळतं. दोन रात्री झोप झाली नसेल तर थकवा आणि अंधुकपणा वाढतो. पाळीच्या आधीच्या आठवड्यात शरीराचं तापमान आपोआपच साधारण अर्धा अंश सेल्सियसपर्यंत वर असतं, म्हणून काही जणींना दर महिन्याला तेवढे दिवस जड जातात. तीन महिन्यांच्या तारखा शेजारी शेजारी लिहिल्या की ते लगेच दिसतं. यातलं काहीच सापडलं नाही, अंग गार करूनही फरक नाही, आणि चोवीस तास उलटले, तर न्यूरॉलॉजिस्टना फोन. गिळताना ठसका लागत असेल, श्वास अपुरा पडत असेल, लघवी पूर्ण तुंबली असेल किंवा दृष्टी झपाट्यानं जात असेल तर मात्र चोवीस तास थांबायचं नाही.

आता उन्हाळा. या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन शार्को यांनी १८६८ मध्ये पॅरिसमध्ये केलं, आणि तो थंड देशांचा आजार म्हणून ओळखला गेला. आपल्याकडे तो तुलनेनं कमी असला तरी आहे. डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या पारशी समाजात त्याचं प्रमाण बाकी भारतीयांपेक्षा बरंच जास्त असल्याचं दाखवलं. पण परदेशी पुस्तिकांमध्ये उष्णतेपासून जपा म्हणजे गरम टब आणि सौना टाळा. आपल्याला मार्च ते जून काढायचे असतात, शिवाय ऑक्टोबरचा तडाखा वेगळा.

महाराष्ट्राचा उन्हाळा एकच नाही, हे लक्षात घेऊन उपाय निवडावा लागतो. नागपूर-चंद्रपूरकडे हवा कोरडी असते. तिथे वाळ्याच्या ताट्या किंवा कूलर उत्तम काम करतो, कारण पाणी पटकन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. तोच कूलर रत्नागिरीला किंवा दादरला लावला तर खोलीत दमटपणा वाढतो, घाम वाळत नाही आणि अंग आणखी तापतं. किनारपट्टीवर एसी लागतो. २४-२५ अंश पुरे. विदर्भात ४५ अंशाला नुसता पंखा लावणं म्हणजे अंगावर अंगापेक्षा गरम वारा घेणं. आधी हात, मान, तोंड ओलं करायचं, मग पंखा. कोकणात ओल्या पंच्याचा उपयोग कमी, कारण तो वाळतच नाही; तिथे बर्फाच्या पाण्यात पिळलेला पंचा दर दहा मिनिटांनी बदलावा लागतो.

बर्फाळ पाणी घोट घोट पिणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय, आणि घशाला गारवा कळला की शरीराचं तापमान फारसं न उतरताही चालणं टिकतं. थंडावा देणारी जाकिटं मिळतात. घरी करायचं तर बिनबाह्यांच्या जाकिटाला आतून चार खिसे शिवून त्यात फ्रीजरमधले जेलचे पॅक ठेवता येतात, दोन छातीवर, दोन पाठीवर. पॅक आणि कातडी यांच्यामध्ये सुती कापडाची घडी हवीच. बधिर कातडीला बर्फाचा चटका कळत नाही, आणि फोड आल्यावरच लक्षात येतं. वीस मिनिटं घालून काढायचं. बाहेर जायच्या अर्धा तास आधी कोमट पाण्यानं सुरुवात करून हळूहळू गार करत अंघोळ केली तर पुढचे एक-दोन तास बरे जातात. एकदम गार पाणी ओतलं तर उलट पाय आवळतात.

गरम पाण्याची अंघोळ हा आपला जीव की प्राण. दिवाळीच्या पहाटेचं अभ्यंगस्नान कुणी सोडावं असं मी म्हणणार नाही. तेल लावा, उटणं लावा, पाणी कोमट ठेवा. पाणी कोपरानं किंवा चांगल्या हातानं तपासायचं, बधिर पायानं नाही. बाथरूममध्ये स्टूल असावं, दाराला आतून कडी नसावी. कढत पाण्यानं अंघोळ करून उठताना पाय गेला आणि पडून खुबा मोडला, तर ते नुकसान उष्णतेसारखं तासाभरात ओसरत नाही. पंचकर्मातलं स्वेदन, म्हणजे वाफेची पेटी, एमएसमध्ये पूर्ण टाळा. आणि प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या काढ्यांपासून दूर राहा. इथे प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, ती भलत्याच जागी चालून जाते. २०२०च्या कोविडकाळात गुळवेलीचे काढे घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. इंटरफेरॉन किंवा टेरिफ्लुनोमाइड ही एमएसची औषधं घेणाऱ्याच्या यकृतावर आधीच लक्ष ठेवावं लागतं, त्यात हे नको.

व्यायामानं अंग तापतं म्हणून व्यायाम सोडायचा, असं मात्र नाही. पूर्वी एमएसच्या रुग्णाला पडून राहा म्हणत; त्यानं स्नायू गेले आणि माणसं खुर्चीला खिळली. सकाळी लवकर, पंख्याखाली, थोडा थोडा व्यायाम करावा. नंतर पाय जड झाला आणि अर्ध्या-एक तासात पूर्ववत झाला तर काही बिघडलेलं नाही.

खरे रिलॅप्स कशानं येतात, याचं उत्तर दर वेळी मिळत नाही. सर्दी-फ्लूसारख्या व्हायरल आजारानंतरच्या महिना-सव्वा महिन्यात रिलॅप्सची शक्यता वाढते, म्हणून फ्लूची मृत लस घ्यावी. लसीनं रिलॅप्स येतो ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. जिवंत विषाणूंची लस मात्र प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असताना घेऊ नये. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत रिलॅप्स बरेच कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वाढतात. त्या काळात घरात हाताशी माणूस असेल अशी सोय आधीच लावा. ताणाचा संबंध दिसतो, पण तो इतका सरळ नाही की ‘तू विचार करतेस म्हणून आजार वाढतो’ असं कुणी सुनेला सुनवावं. हे वाक्य अनेक घरांत बोललं जातं. ते दुखावतं आणि ते खरंही नाही.

रिलॅप्स खरा ठरला तर उपचार बहुतेक वेळा मिथाइलप्रेडनिसोलोनचा: रोज १ ग्रॅम, शिरेतून, ३ ते ५ दिवस. स्टेरॉइडनं बरं होण्याचा वेग वाढतो. शेवटी किती बरं होणार ते त्यानं फारसं बदलत नाही. म्हणून हाताला नुसत्या मुंग्या आहेत, काम अडत नाही, अशा रिलॅप्सला डॉक्टर थांबू म्हणाले तर ते दुर्लक्ष करत नाहीत. चालणं, दृष्टी, हाताचं काम अडलं तर लवकर द्यावं. सुरू करण्याआधी लघवी, रक्तातली साखर, पोटॅशियम, रक्तदाब तपासून घ्या. पूर्वी टीबी झाला असेल किंवा घरात कुणाला असेल तर आठवणीनं सांगा. सलाइन किमान तासभर चालावी. घाईनं सोडली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. वेळ सकाळची मागून घ्या, कारण संध्याकाळच्या डोसनंतर रात्रभर टक्क जाग असते. तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव येते, त्यावर लिमलेटची गोळी चालते. मधुमेह असेल तर साखर दिवसातून चार वेळा बघावी लागते. चेहरा लाल होणं, उगाच भरून येणं किंवा भलताच उत्साह वाटणं हे औषधाचं काम आहे; घरच्यांना आधीच सांगून ठेवा. काही महिन्यांनी जांघेत दुखायला लागलं आणि मांडी घालून बसता येईना, तर एमएसवर ढकलू नका. स्टेरॉइडनं खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असू शकतो, खुब्याचा एमआरआय लागतो.

रोज ५०० मिलिग्रॅम पाच दिवस गोळ्यांनीही देता येतात. १६ मिलिग्रॅमच्या गोळीचा हिशेब केला तर दिवसाला ३१ गोळ्या होतात. औषधवाल्याला ते चुकीचं वाटतं आणि तो एकच गोळी देऊन मोकळा होतो. कमी डोसचं प्रकरण साधं नाही. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत डोळ्याच्या नसेच्या सुजेवर नुसती साध्या डोसची प्रेडनिसोलोनसारखी गोळी, दर किलो वजनाला १ मिलिग्रॅम, घेतलेल्यांना तो त्रास पुन्हा होण्याचं प्रमाण जास्त निघालं. तेव्हा ‘डोळा सुजलाय, ६० मिलिग्रॅम घ्या’ असं कुणी लिहून दिलं तर घेण्याआधी न्यूरॉलॉजिस्टना विचारा. जोरदार रिलॅप्सला स्टेरॉइडनं उतार पडला नाही तर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रवभाग, बदलतात, साधारण एक दिवसाआड पाच ते सात वेळा. हा निर्णय लांबवू नये.

एक गोष्ट पहिल्या किंवा दुसऱ्या रिलॅप्सलाच पक्की करून घ्या: हा एमएसच आहे ना? एनएमओ आणि मोगॅड हे वेगळे आजार एमएससारखेच दिसतात. रक्तात अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग यांच्या अँटिबॉडीज बघतात, तपासणी पेशींवर केलेल्या पद्धतीची हवी. इंटरफेरॉन आणि फिंगोलिमॉडसारखी एमएसची काही औषधं एनएमओमध्ये आजार वाढवतात.

मग येतं रेमिशन, म्हणजे दोन रिलॅप्समधला शांत काळ. सुमारे ८५ टक्के लोकांचा एमएस असा येत-जात सुरू होतो. रिलॅप्स उतरला, पाय चालायला लागला, आणि घरात विचार सुरू होतो: बरं वाटतंय तर एवढी महाग औषधं कशाला? बाहेरून शांत दिसणाऱ्या या काळात एमआरआय केला तर कळलेल्या दर रिलॅप्समागे पाच ते दहा न कळलेले नवे डाग, म्हणजे नव्या इजेच्या खुणा, दिसतात. १९९३ मध्ये पहिलं इंटरफेरॉन आलं, त्यानंतर ग्लॅटिरॅमर, नॅटालिझुमॅब, फिंगोलिमॉड, डायमिथाइल फ्युमरेट, ओक्रेलिझुमॅब. आपल्याकडे खर्च परवडावा म्हणून रिटुक्सिमॅबही बरंच वापरतात. ही सगळी औषधं पुढचा डाग पडू नये म्हणून आहेत. पायातली आजची बधिरता ती घालवणार नाहीत, म्हणून ‘गुण येत नाही’ असं वाटतं आणि लोक ती सोडतात.

फिंगोलिमॉड आणि नॅटालिझुमॅब अचानक बंद केली तर पुढच्या दोन-चार महिन्यांत पूर्वीपेक्षा जोराचा रिलॅप्स उसळू शकतो. स्टॉक संपला, गावाला गेलो, कुरिअर अडकलं, या कारणांनीही हे होतं. घरात कायम पंधरा दिवसांची जादा पट्टी असावी. फिंगोलिमॉडची पहिली गोळी सहा तास नाडीवर लक्ष ठेवून देतात. पुढेही १४ दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर ती देखरेख पुन्हा लागते, गोळी घरी परस्पर सुरू करायची नाही. रिटुक्सिमॅब किंवा ओक्रेलिझुमॅबच्या आधी हेपटायटिस-बी आणि टीबीची तपासणी झालेली असावी, आणि लसी शक्यतो त्याआधी उरकाव्यात.

या सगळ्याला एक वही लागते. तारीख, वेळ, शरीराचं तापमान, बाहेरचं तापमान, त्या आधीच्या तासात काय केलं, कुठलं लक्षण, किती वेळानं उतरलं. एवढे सात रकाने पुरे. दिव्यांगता कायदा २०१६ मध्ये एमएसचं नाव स्पष्ट आहे, पण दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची तपासणी डिसेंबरच्या गार सकाळी झाली तर माणूस धडधाकट दिसतो. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट तिथे अडते. वही, जुन्या रिलॅप्सची डिस्चार्ज कार्डं आणि एमआरआयचे रिपोर्ट सोबत न्या. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून मुंबईतून काम करते, पुण्यातही त्यांची शाखा आहे. या कागदपत्रांच्या कामात अनुभवी माणूस भेटला की खेटे वाचतात.

वहीच्या पहिल्या पानावर एक आकडा लिहून ठेवा. घरातल्या मोकळ्या पट्ट्यात टेपनं २५ फूट मोजून दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा. बरं असताना, सकाळच्या गार वेळी, नेहमीची काठी असेल तर ती घेऊन, जमेल तेवढं भरभर पण सावध चाला आणि मोबाइलवर सेकंद मोजा. दोनदा करून सरासरी घ्या. हा आकडा ८ सेकंद असेल आणि एखाद्या दिवशी अंग गार करूनही ९.६ सेकंदांच्या वर जात असेल, तर फरक वीस टक्क्यांहून जास्त आहे, आणि फोनवर डॉक्टरांना ‘पाय जड वाटतोय’ याऐवजी हा आकडा सांगता येतो.